अपयशही लिहून ठेवणारे पुस्तक

मी निवासी डॉक्टर होतो त्या काळातली, तीसेक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. हृदय कमकुवत झाल्याने अंगावर सूज आलेल्या एक आजी आमच्या वॉर्डात दहा-बारा दिवस राहून, सूज उतरल्यावर घरी गेल्या होत्या. पंधरा दिवसांनी मुलगा त्यांना परत घेऊन आला. जेवणावरची वासना उडालेली, सारख्या उलट्या. ‘डॉक्टर, भिंती हळदीनं सारवल्यासारख्या दिसत्यात,’ असे त्या म्हणाल्या. मी पापणी ओढून कावीळ आहे का ते पाहिले, रक्त तपासायला पाठवले, पित्तावरचे इंजेक्शन लिहिले आणि ‘हृदयाची गोळी मात्र चुकवू नका’ असे वर बजावलेही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला सरांनी आजींच्या मनगटावर बोटे ठेवली, घड्याळाकडे पाहिले आणि मला विचारले, ‘नाडी किती?’ मिनिटाला ३८ ठोके होते. आदल्या रात्री मी पूर्ण मिनिटभर नाडी मोजलीच नव्हती.

सरांनी मुलाला गोळ्यांची पिशवी उघडायला सांगितली. आत दोन पाकिटे निघाली. एक आमच्याकडचे, दुसरे गावाजवळच्या डॉक्टरांनी दिलेले. नावे वेगळी, औषध एकच : डिगॉक्सिन. आजी रोज दुप्पट औषध घेत होत्या. गोळी थांबवली. चार-पाच दिवसांत उलट्या थांबल्या, भिंती पुन्हा पांढऱ्या झाल्या. घरी सोडताना कार्डावर मी लिहिले, ‘उलट्यांची तक्रार, आता आराम.’ औषध जास्त झाले होते आणि ते आधी माझ्या लक्षात आले नाही, याबद्दल त्या कार्डावर एक अक्षरही नव्हते.

पुढे काही वर्षांनी एक जुने पुस्तक वाचनात आले. नाडी मंदावणे, उलट्या, चक्कर, धूसर दिसणे, समोरच्या वस्तू हिरव्या किंवा पिवळ्या दिसणे, हे सगळे त्यात ओळीने लिहिलेले होते. पुस्तक छापले गेले १७८५ साली. आजींची नाडी माझ्या हातात असताना ही माहिती दोनशेहून अधिक वर्षांची झालेली होती. लेखक होते बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग आणि पुस्तकाचे नाव होते ‘अ‍ॅन अकाउंट ऑफ द फॉक्सग्लव्ह’, म्हणजे फॉक्सग्लव्ह या वनस्पतीची हकिगत.

वैद्यकाच्या इतिहासातील थोर ग्रंथ म्हटले की वेसालियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ (१५४३) किंवा विल्यम हार्वे यांचे रक्ताभिसरणावरचे छोटेखानी पुस्तक (१६२८) यांची नावे निघतात. विदरिंग यांचे सुमारे दोनशे पानांचे पुस्तक त्यांच्याइतके गाजलेले नाही. पण औषध देणाऱ्या आणि औषध घेणाऱ्या प्रत्येकाने ते काय आहे हे समजून घ्यावे, असे मला वाटते.

म्हातारीचा काढा

विदरिंग यांचा जन्म १७४१ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातला. एडिंबरो येथे वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी आधी स्टॅफर्डला आणि १७७५ पासून बर्मिंगहॅमला व्यवसाय केला. वनस्पतिशास्त्राचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. ब्रिटनमधील वनस्पतींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १७७६ साली निघाला. वाफेच्या इंजिनाचे जेम्स वॅट, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली अशी मंडळी ज्या ‘ल्युनर सोसायटी’त जमत, तिचे तेही सभासद होते. रात्री घरी परतताना उजेड असावा म्हणून पौर्णिमेच्या आसपास भरणारी ही मित्रमंडळाची बैठक.

१७७५ साली त्यांच्याकडे एक घरगुती नुस्खा मत विचारण्यासाठी आला. तो ‘ड्रॉप्सी’वरचा होता. ड्रॉप्सी म्हणजे अंगात पाणी साठणे : पायांवर सूज, पोटात पाणी, छातीत पाणी, आडवे झाले की धाप. त्या काळात हाच एक रोग समजला जाई. श्रॉपशरमधल्या एका म्हातारीने हा नुस्खा बरीच वर्षे गुपित ठेवला होता आणि नामांकित डॉक्टरांनी हात टेकलेले काही रोगी तिच्या काढ्याने बरे होत असत. काढ्यात वीसएक वनस्पती होत्या. तो घेतल्यावर जोराच्या उलट्या-जुलाब होत. लघवी वाढते, याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नव्हते. या विषयाची ज्याला माहिती आहे त्याला यातली खरी गुणकारी वनस्पती फॉक्सग्लव्हच असणार हे ओळखणे अवघड नव्हते, असे विदरिंग सांगतात.

फॉक्सग्लव्ह म्हणजे उंच दांड्यावर जांभळट-गुलाबी घंटेसारखी फुले येणारे झुडूप. फूल शिवणकामाच्या अंगुस्तानासारखे दिसते. जर्मन भाषेतल्या त्याच अर्थाच्या नावावरून लिओनहार्ट फुक्स यांनी १५४२ साली त्याला ‘डिजिटॅलिस’ हे लॅटिन नाव दिले. ‘डिजिटस’ म्हणजे बोट.

या म्हातारीचे नाव ‘मदर हटन’ असल्याचे आणि विदरिंग तिच्याकडून सोन्याची नाणी देऊन औषध घेत असल्याचे चित्र आजही अनेक ठिकाणी दिसते. ते नाव आणि ते चित्र १९२८ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून आले. विदरिंग यांच्या पुस्तकात म्हातारीला नाव नाही.

गरिबांचा एक तास

विदरिंग रोज एक तास गरिबांना फुकट सल्ला देत. वर्षाला दोन-तीन हजार गरीब रोगी त्यांच्याकडे येत. फॉक्सग्लव्हचा पहिला वापर त्यांनी याच रोग्यांवर केला. लघवी वाढवणारे हे फार जोरकस औषध आहे, हे त्यांना लवकरच कळले. पण आपण तेव्हा आणि पुढेही बराच काळ ते फार मोठ्या मात्रेत आणि गरजेपेक्षा जास्त दिवस दिले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

सरकारी रुग्णालयात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हा मजकूर वाचताना अस्वस्थ व्हायला होते. नव्या औषधाच्या चुका आधी गरिबाने सोसायच्या, हा वैद्यकाच्या इतिहासातला जुना शिरस्ता आहे. विदरिंग त्याला अपवाद नव्हते. मात्र त्या चुका त्यांनी झाकल्या नाहीत.

त्यांचा पहिला रोगी ८ डिसेंबर १७७५ चा. पन्नाशीचा माणूस, पूर्वी बांधकाम करणारा, आता हलाखीत आलेला. धाप, ओढलेला चेहरा, पाण्याने भरलेले पोट, लघवी अगदी थोडी. विदरिंग यांनी ताज्या पानांचा काढा दिला. रोग्याला कित्येक दिवस राहून राहून मळमळत राहिले, पण त्याच दिवसांत लघवी भरपूर झाली. श्वास हळूहळू मोकळा झाला, पोट उतरले आणि दहाएक दिवसांत तो चवीने जेवू लागला. गुण आला हे लिहिताना किती त्रास झाला तेही त्यांनी लिहिले. पुस्तकाचा सूर इथेच लागतो.

पुढे एका स्नेही डॉक्टरांकडून त्यांना कळले की ऑक्सफर्डच्या एका कॉलेजचे प्रमुख फॉक्सग्लव्हच्या मुळीने बरे झाले. त्यांचा हुरूप वाढला, पण मुळीवर त्यांचा भरवसा नव्हता. वनस्पती दोन वर्षे जगणारी. मुळीचा जोर केव्हा किती असेल हे सांगणे कठीण. म्हणून ते पानांवरच राहिले. मग लक्षात आले की पानांचा जोरही ऋतूप्रमाणे बदलतो. तेव्हा फुलांचा दांडा वर येऊन फुले उमलू लागतात त्याच वेळी पाने तोडायची, असा नियम त्यांनी केला. फार उकळले तर गुण बदलतो असे वाटल्यावर काढा सोडून पाने गरम पाण्यात भिजवून गाळलेला अर्क आणि वाळवलेल्या पानांची भुकटी ते वापरू लागले. प्रौढाला भुकटी एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. ‘चिमूटभर’, ‘मूठभर’ ही मापे मागे पडली आणि औषधाला वजन आले.

१६३ रोगी

दहा वर्षे विदरिंग यांनी पुस्तक लिहिले नाही, नोंदी ठेवल्या. या काळात फॉक्सग्लव्हची ख्याती पसरली होती. ज्यांच्या शिफारशीवरून ते बर्मिंगहॅमला आले, त्याच डॉ. इरॅस्मस डार्विन यांनी (उत्क्रांतिवाद मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांचे हे आजोबा) १७८० साली फॉक्सग्लव्हचे काही रोगी छापून टाकले आणि विदरिंग यांचे नावही घेतले नाही. दोघांची मैत्री पुढे तुटली.

अखेर १७८५ साली विदरिंग यांनी पुस्तक काढले. लिहिण्याचे कारण ते प्रस्तावनेत सांगतात. औषध आता सगळीकडे वापरले जाते आहे. बेफिकिरीने दिले तर माणसे मरतील. आणि माणसे मेली की एवढे उपयोगी औषध धोक्याचे म्हणून टाकून दिले जाईल. त्यापेक्षा आपला अपुरा का होईना, अनुभव लोकांसमोर ठेवलेला बरा.

याच प्रस्तावनेत या पुस्तकाला मोठे करणारी गोष्ट आहे. निवडक यशस्वी रोगी छापणे सोपे होते, त्याने औषधाची बाजू भक्कम झाली असती आणि माझे नावही वाढले असते, असे ते म्हणतात. पण सत्याला आणि विज्ञानाला ते मान्य होणार नाही. म्हणून मी फॉक्सग्लव्ह दिलेला प्रत्येक रोगी इथे मांडतो आहे, मग देणे योग्य ठरो वा अयोग्य, यश येवो वा न येवो. या शब्दाला जागून त्यांनी स्वतःचे १६३ रोगी वर्षवार मांडले. कोणी बरे झाले, कोणाला नुसत्याच उलट्या झाल्या, कोणाला काहीच फरक पडला नाही, कोणी दगावले. इतर डॉक्टरांनी कळवलेले रोगीही त्यांनी जोडले. आणि वनस्पती ओळखण्यात चूक होऊ नये म्हणून पुस्तकात फॉक्सग्लव्हचे रंगीत चित्र घातले.

या नोंदींतून त्यांनी औषध देण्याची पद्धत काढली. औषधाचा परिणाम लघवीवर, पोटावर, नाडीवर किंवा शौचावर, कुठेही दिसला की त्याच क्षणी थांबायचे. सुरुवातीला ते स्वतः उलट्या होईपर्यंत औषध रेटत होते. दहा वर्षांनी ते थांबायला सांगत होते. मधली सगळी शिकवण त्रास झालेल्या रोग्यांकडून आलेली होती.

यॉर्कशरच्या एका फिरत्या व्यापाऱ्याची गोष्ट ते सांगतात. बोलावणे आले म्हणून गेले तर गडी सारखा ओकत होता, डोळ्यांना नीट दिसत नव्हते आणि नाडी मिनिटाला ४०. चौकशीत कळले की त्याची धाप बरी व्हावी म्हणून बायकोने फॉक्सग्लव्हची मूठभर हिरवी पाने थोड्या पाण्यात शिजवली आणि त्याने तो काढा एका घोटात प्यायला. आपल्या मुलखातले औषध त्या बाईला ठाऊक होते, पण त्याची मात्रा ठाऊक नव्हती, असे विदरिंग म्हणतात. नवरा थोडक्यात बचावला.

फसलेल्या उपचारांचे मोल

विदरिंग यांच्याजवळ स्टेथोस्कोप नव्हता. तो १८१६ साली आला. रक्तदाब मोजण्याचे यंत्र नव्हते, ईसीजी नव्हता. अंगातले पाणी हृदयामुळेही साठते, मूत्रपिंडामुळेही आणि यकृतामुळेही, ही फोड नीट झालेली नव्हती. मूत्रपिंडाचा भाग तर रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली उलगडला. त्यामुळे आपले औषध काहींना लागू पडते आणि काहींना अजिबात का पडत नाही, हे विदरिंग यांना सांगता येत नव्हते. पण कोणाला पडते याचे वर्णन त्यांनी केले : चेहरा फिकट, ओठ काळे-निळे, कातडी थंड, नाडी क्षीण किंवा मध्येच ठोका चुकवणारी. धडधाकट, लालबुंद, ताठ नाडीच्या रोग्याला ते क्वचितच लागू पडते. अंडाशयाच्या गाठीने पोट मोठे झाले असेल तर उपयोग नाही.

आज कोणताही फिजिशियन हे वर्णन वाचून सांगेल की पहिल्या प्रकारचे रोगी हृदय थकलेले होते आणि त्यांतल्या पुष्कळांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर असावी. या औषधाची हृदयाच्या गतीवर विलक्षण हुकमत आहे आणि ती रोग्याच्या भल्यासाठी वापरता येईल, असेही विदरिंग यांनी लिहून ठेवले होते, जरी ते याला शेवटपर्यंत मुख्यतः लघवीचेच औषध समजत राहिले. लघवी वाढते ती हृदय सुधारल्याने मूत्रपिंडांना रक्त जास्त मिळते म्हणून. त्यांनी फक्त बरे झालेले रोगी छापले असते, तर कोणत्या सुजेवर हे औषध चालत नाही हे त्यांच्या पुस्तकातून कोणालाही कळले नसते.

पुस्तक होते, पण सावधपणे वाचणारे थोडे होते. विदरिंग १७९९ साली क्षयाने वारले. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनमधील चर्चमध्ये त्यांच्या स्मृतिफलकावर फॉक्सग्लव्ह कोरलेले आहे. त्याच सुमारास टॉमस बेडोज आणि इतर काही डॉक्टर डिजिटॅलिस हे क्षयावरचे औषध असल्याचे सांगू लागले होते. नंतरच्या शतकात ते तापापासून वेडापर्यंत कशावरही दिले गेले, कधी भलत्याच मोठ्या मात्रेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स मॅकेन्झी, टॉमस लुईस यांच्यासारख्यांनी नाडीच्या आणि हृदयाच्या गतीचे आलेख काढून दाखवल्यावर डिजिटॅलिस पुन्हा हृदयाकडे वळले. १९३० साली सिडनी स्मिथ यांनी फॉक्सग्लव्हच्याच एका जातीपासून शुद्ध डिगॉक्सिन वेगळे केले. आजच्या पाव मिलिग्रॅमच्या गोळीची ही वंशावळ.

विदरिंग यांची शिस्त मोठ्या प्रमाणावर पाळली गेली ती १९९० च्या दशकात. हृदय थकलेल्या, पण ठोक्यांची लय नियमित असलेल्या ६,८०० रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना डिगॉक्सिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. १९९७ साली निकाल छापला गेला : औषधाच्या गटात १,१८१ मृत्यू, दुसऱ्या गटात १,१९४. म्हणजे आयुष्य वाढले नाही. रुग्णालयात भरती होण्याची वेळ मात्र कमी वेळा आली. दोनशे वर्षे वापरात असलेल्या लाडक्या औषधाबद्दल हे छापले गेले, म्हणून आज आम्ही ते निवडक रुग्णांना, कमी मात्रेत आणि मूत्रपिंडाचे काम व रक्तातले पोटॅशियम तपासून देतो.

न बरे झालेल्यांचे काय?

औषधाचा प्रयोग फसला की तो कपाटात ठेवून द्यायचा आणि यशस्वी झाला की गाजवायचा, ही खोड जगभरची आहे. त्यावर उपाय म्हणून प्रयोग सुरू होण्याआधीच त्याची जाहीर नोंद करायची पद्धत आली. भारतात अशी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि औषधांच्या चाचण्यांसाठी ती २००९ पासून सक्तीची झाली. निकाल मनासारखा आला नाही तरी प्रयोग झाला होता हे निदान लपत नाही.

हीच खोड आपल्या मोबाइलमध्येही आहे. अमुक पानांचा काढा घेतला आणि साखर उतरली, तमुक मुळीने मूतखडा पडला, असे निरोप रोज फिरतात. ते सगळेच खोटे असतात असे मी म्हणणार नाही. श्रॉपशरच्या म्हातारीचा काढाही खोटा नव्हता. पण ज्यांना गुण आला नाही ते निरोप पाठवत नाहीत आणि ज्यांना त्रास झाला ते थेट आमच्याकडे येतात. कोणी काढा सांगितला तर एकच प्रश्न विचारावा : किती जणांनी घेतला आणि उरलेल्यांचे काय झाले?

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समजही विदरिंग यांच्या पुस्तकाने दोन शतकांपूर्वीच मोडीत काढला. आपल्या अंगणातल्या पिवळ्या कण्हेरीत, जिच्या बिट्ट्यांनी मुले खेळतात, डिजिटॅलिसच्याच जातकुळीतली विषारी द्रव्ये असतात. मुलाने बी चावल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय न करता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आणि डिगॉक्सिन घेणाऱ्यांच्या घरच्यांना एक विनंती. डॉक्टरांकडे जाताना सगळी औषधे, काढे आणि चूर्णेही, एका पिशवीत घालून न्या. पाकिटावरचे मोठ्या अक्षरातले नाव वेगळे असले तरी त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेले औषध एकच असू शकते. भूक मेली, मळमळू लागले, पिवळे-हिरवे दिसू लागले, नाडी फार मंद लागली, तर पित्त झाले असेल म्हणून घरी थांबू नका.

त्या आजींचे कार्ड आता कुठल्या कुठे गेले असेल. पण आमच्या वॉर्डात आता एक जाड वही आहे. औषधाने त्रास झाला, मात्रा चुकली, निदान उशिरा झाले, की त्याच दिवशी निवासी डॉक्टरांनी ते त्यात लिहायचे. वहीत पहिली नोंद मी केली. तारीख आठवत नव्हती म्हणून साल तेवढे घातले, आणि पुढे लिहिले : नाडी ३८, सगळे पिवळे दिसते, डिगॉक्सिन दुप्पट, माझ्या लक्षात आले नाही.